पालखीसाठी बायसेप्स

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून सुरुवात. व्यायामाची नाही, डायरीची. व्यायाम उद्या. आधी रेकॉर्ड ठेवायची सिस्टिम हवी, नाहीतर प्रगती झालेली कळणार कशी?

पार्श्वभूमी लिहून ठेवतो. राजापूरकडच्या आमच्या गावात शिमग्याला देवाची पालखी घरोघर फिरते. वाडीत आमच्या घराला पहिल्या खांद्याचा मान आहे. म्हणजे पालखी आमच्या अंगणात आली की पुढचा उजवा दांडा आमच्या घरातल्या माणसाने खांद्यावर घ्यायचा आणि ढोल थांबेपर्यंत नाचवायचा. आजोबांनी नाचवली. बाबांनी साठी उलटल्यावरही नाचवली. गेल्या वर्षी मी नाचवली. दीड मिनिट.

पायात गोळा आला. गोळा कोणालाही येतो, मोठमोठ्या खेळाडूंना येतो. दांडा चुलतभाऊ दत्तारामने घेतला आणि शेवटपर्यंत नाचवला, गरजेपेक्षा जास्तच उड्या मारून. मग गावचे मानकरी धोंडिराम तात्या सगळ्यांदेखत मला म्हणाले, "माणका, यंदा सोडलंय. फुडच्या वर्षी ढोल थांबापर्यंत टिकलस तर मान तुझ्या घराक, नायतर दत्तारामाक."

तेव्हापासून दत्ताराम दर सोमवारी फॅमिली ग्रुपवर स्वतःच्या उजव्या खांद्याचा फोटो टाकतो. खाली काही लिहीत नाही. आजही टाकला.

ढोल साधारण बारा मिनिटं वाजतो. शिमग्याला तीन महिने आहेत. महिन्याला चार मिनिटं वाढवायची. गणित सोपं आहे.

२ डिसेंबर, मंगळवार

गेलो नाही. बूट नव्हते. चुकीच्या बुटांनी आयुष्यभराची दुखापत होते म्हणतात. संध्याकाळी बूट घेतले.

३ डिसेंबर, बुधवार. सकाळी ८.००

विक्रोळी स्टेशनजवळची जिम. ट्रेनर नितेश, वय चोवीस. याची मान आणि डोकं एकाच रुंदीचं आहे. मला 'काका' म्हणाला. दुर्लक्ष केलं.

कपल ऑफर होती, म्हणून बायकोचं, सुलक्षणाचंही नाव घातलं. ती नकोच म्हणत होती. तिचे गुडघे दुखतात, दोन जिने चढली की कठड्याला धरून उभी राहते. म्हटलं, चल गं, निदान माझा टॉवेल धरशील.

नितेशने विचारलं, गोल काय? मी पालखीचं सांगितलं. तो म्हणाला, मग पायांपासून सुरू करू, स्क्वॉट्स. मी त्याला शांतपणे समजावलं की पालखी खांद्यावर घेतात, पायांवर नाही. पाय रोज वापरात आहेतच. मला खांदे आणि बायसेप्स पाहिजेत. नितेशने पाच किलोचे डंबेल्स माझ्या हातात दिले. मुद्दा पटला असावा. मग तो सुलक्षणाला स्क्वॉट्स शिकवायला गेला, कारण तिच्याकडे मुद्दा नव्हता.

४ डिसेंबर, गुरुवार

हात वर जात नाहीत. कंगवा बेसिनच्या कडेवर टेकवून डोकं त्याच्यावर फिरवलं. शर्ट मला सुलक्षणाने घातला. तिचे पायही दुखताहेत, पण बायकांना सवय असते.

नितेशला फोन केला. तो म्हणाला, स्नायूंना बारीक बारीक इजा होतात, शरीर त्या दुरुस्त करतं आणि दुरुस्त करताना आधीपेक्षा मजबूत करून ठेवतं. म्हणजे जितकी इजा जास्त, तितकी मजबुती जास्त. मला झालेली इजा पाहता मी एका दिवसात महिनाभराचं काम उरकलेलं आहे. अंधेरीला ऑफिसात हाफ डे टाकला.

८ डिसेंबर, सोमवार

आज फार मोठी गोष्ट कळली. स्नायू जिममध्ये वाढतच नाहीत! जिममध्ये फक्त थकतात. वाढतात ते विश्रांतीत, झोपेत. हे खुद्द नितेशने सांगितलं. शेहेचाळीस वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

मंगळवार, बुधवार, गुरुवार वाढ. शुक्रवारी जिम.

सुलक्षणा एक दिवसाआड जाते आहे. तिला थिअरी समजलेली नाही. मी समजावून सांगितली तर म्हणाली, "अहो, आधी थकावं लागतं ना?" वाद घातला नाही.

१५ डिसेंबर, सोमवार. दुपारी ४.१५

पाच किलोवरून साडेसात किलोच्या डंबेल्सवर! दोन आठवड्यांत दीडपट. आरशात मात्र काहीच दिसत नाही. नितेशला विचारलं. तो म्हणाला, पहिले सहा-आठ आठवडे स्नायू फारसे फुगत नाहीत, मेंदूच शिकतो. आहेत त्याच स्नायूंतले जास्त धागे एकदम कामाला कसे लावायचे, हे मेंदूला कळायला लागतं, म्हणून ताकद वाढते.

म्हणजे हे मेंदूचं काम आहे. हे आधी सांगितलं असतं तर पहाटे उठलो नसतो. मी बी.कॉम. आहे, मेंदूच्या कामात दत्ताराम माझ्यासमोर टिकणार नाही. आजपासून ऑफिसात लंचनंतर डोळे मिटून पालखी नाचवायची. आज मनातल्या मनात बारा मिनिटं पूर्ण नाचवली, दम लागला नाही. साहेबांनी हलवून उठवलं. मी सांगितलं, ट्रेनिंग चालू आहे.

२५ डिसेंबर, गुरुवार

प्रोटीन वाढवलं. सकाळी चार अंडी, दुपारी सुरमई, संध्याकाळी पुन्हा अंडी, कारण दुपारची सुरमई तळलेली होती आणि ती पूर्ण धरता येत नाही.

वजन अडीच किलो वाढलं. नितेश पोटाकडे बघत होता. त्याला सांगितलं की चरबीपेक्षा स्नायू जड असतात. स्नायू सध्या पोटाच्या भागात जमा होत आहेत. तिथून खांद्याकडे जायला वेळ लागेल.

१ जानेवारी, गुरुवार

संकल्प:
रोज जिम (विश्रांतीचे दिवस सोडून).
दत्तारामचे फोटो बघायचे नाहीत.
गोड बंद. उद्यापासून, आज ऑफिसात केक आहे.

५ जानेवारी, सोमवार

दत्तारामचा खांदा पुन्हा आला. मीही जिममधल्या आरशासमोर बायसेप्स आवळून फोटो टाकला. पाच मिनिटांत अकरा मेसेज! उघडून बघितले. फोटोत माझ्यामागे सुलक्षणा खांद्यावर बार घेऊन स्क्वॉट मारताना दिसत होती आणि अकराच्या अकरा मेसेज तिच्यासाठी होते. गावच्या काकूने विचारलं, "सुलक्षणान् काय उचललान् ता?"

फोटो कापून पुन्हा टाकला. त्यावर दत्तारामचा एक अंगठा आला. बाकी कोणी काही लिहिलं नाही. लोक कामात असतात.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ म्हणजे एनर्जी.

बिल्डिंगची लिफ्ट बंद. गॅसवाला सिलिंडर खालीच ठेवून गेला. मी रिकव्हरीत होतो, म्हणून सुलक्षणाने तिसऱ्या मजल्यावर आणला. मध्ये एकदाही टेकवला नाही असं खालची माणसं सांगत होती. मी दार धरून उभा होतो. सांगायला हरकत नाही, दार धरायलाही ग्रिप लागते. तिच्या गुडघ्यांचं हल्ली काही ऐकू येत नाही. थंडीने बरं वाटत असेल.

१८ जानेवारी, रविवार. दुपारी

आज प्रत्यक्ष सराव करायचा ठरवला. हे लिहिताना अजून डोकं ठणकतंय.

गणपती मंडळाच्या खोलीतून मांडवाचे दोन बांबू काढले. मध्ये फळी बांधली. वजन यावं म्हणून फळीवर कापसाची गादी गुंडाळून ठेवली, तिच्यात तांदळाच्या दोन गोण्या, वरून सुतळीने आवळलं. गादी मळू नये म्हणून वर पांढरी चादर. झकास पालखी तयार झाली. दुसऱ्या मजल्यावरचा केतन आणि त्याच्या ऑफिसमधले दोघे उचलायला आले. पुढचा उजवा खांदा अर्थात माझा.

वॉर्मअपशिवाय नाचलं तर स्नायू फाटतो, म्हणून मी सांगितलं, आधी गेटपर्यंत सावकाश चालू. पायात चप्पल नको, गावी नसते. निघालो. चौघेही गप्प, कारण वजन खरंच होतं.

तळमजल्यावरचे चंद्रप्रकाशजी दारात पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर घडी करून ठेवला, आत जाऊन डोक्यावर टोपी घालून आले आणि आमच्यामागून चालायला लागले. मला वाटलं, कौतुक. मग शेजारच्या विंगमधले दोघे आले. गेटपर्यंत मागे नऊ माणसं झाली. समोरच्या वाण्याने शटर अर्धं खाली ओढलं. सगळे हात जोडून उभे. मला भरून आलं. विक्रोळीत आपल्या शिमग्याला एवढा मान आहे हे माहीत नव्हतं.

तेवढ्यात माझा खांदा दुखायला लागला आणि मी खांदेपालट मागितली. चंद्रप्रकाशजी लगेच पुढे सरसावले. त्यांनी दांड्याला खांदा लावला आणि हळू आवाजात केतनला विचारलं, कोण गेलं? केतनला दम लागला होता. त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "माणिकदादांचं आहे."

चार बायका तशाच आमच्या घराकडे पळाल्या. सुलक्षणाने दार उघडलं तर त्या तिच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. तिला काही कळेना. ती गॅलरीत आली. मी चादरीच्या आडून डोकं बाहेर काढून हात केला. खाली एक बाई किंचाळली.

समजावण्यात दीड तास गेला. चंद्रप्रकाशजी सर्वांत जास्त नाराज झाले, त्यांनी भजनी मंडळाला फोन करून टाकला होता. सेक्रेटरीने लेखी माफी मागितली आहे, म्हणजे माझ्याकडून. बांबू, फळी आणि गादी सुलक्षणाने वर आणली. तांदूळही.

सराव एकूण: तीन मिनिटं. त्यातलं नाचणं: शून्य.

२६ जानेवारी, सोमवार

नितेशचं नवं. म्हणतो, शरीराला एका वजनाची सवय झाली की ते तिथेच थांबतं. दर आठवड्याला त्याच्यावर थोडं जास्त ओझं टाकायचं, मग ते पुन्हा वाढतं. पटलं. मीही वाढवतो आहे. दोन सेटमधली विश्रांती चार मिनिटांवरून सातवर नेली.

सुलक्षणा बारला दोन्ही बाजूंनी नवीन चकत्या लावून घेते. नितेश तिला 'चॅम्पियन' म्हणतो. मला अजून 'काका'.

८ फेब्रुवारी, रविवार

दहा दिवस जिमला गेलो नाही. बोरिवलीला भाचीचं लग्न, मग त्या लग्नातल्या जेवणाचा त्रास, मग त्रासाची विश्रांती.

काळजीचं कारण नाही. नितेशच म्हणतो की दोन-तीन आठवडे खंड पडला तरी कमावलेली ताकद लगेच जात नाही, आणि गेली तरी पहिल्यापेक्षा लवकर परत येते. स्नायू विसरत नाहीत. मी कॉलेजात कबड्डीच्या टीममध्ये होतो. एक्स्ट्रा म्हणून होतो, पण एक्स्ट्रालाही स्नायू असतात. ते आत कुठेतरी वाट बघत असणार.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. उपास. दोन प्लेट खिचडी, बटाट्याचा कीस, रताळी.

नितेशने टेस्ट घेतली. वीस किलोचा बार एका खांद्यावर आणि ठेक्यात पाय उचलत राहायचं. मी दोन मिनिटं दहा सेकंद! गेल्या वर्षी पालखीखाली दीड मिनिट होतो. अकरा आठवड्यांत चाळीस सेकंदांची वाढ. या वेगाने बारा मिनिटं व्हायला आणखी तीन वर्षं लागतात, पण गावी ढोल असतो, देव असतो, अंगात येतं. उरलेली दहा मिनिटं त्यात निघतात.

मागोमाग सुलक्षणानेही बार घेतला, सहज. पाय उचलता उचलता ती नितेशला खिचडीत दाण्याचं कूट किती घालायचं ते सांगत होती. तो म्हणतो, मॅडम चौदा मिनिटं होत्या. त्याचं घड्याळ बिघडलेलं आहे. माझ्या वेळेलाही बिघडलेलं असणार, म्हणजे मी नक्की दोनपेक्षा जास्त होतो.

२२ फेब्रुवारी, रविवार

नितेशने जबरदस्तीने पायांचा व्यायाम करवला. पहिल्यांदाच.

जिना उलटा उतरलो.

१ मार्च, रविवार. सकाळी ११.००

उद्या गावी. एसटीचं रिझर्व्हेशन आहे. बॅगेत स्लीव्हलेस बनियन, मनगटाचे पट्टे, वेदनाशामक मलम दोन ट्यूब.

जिमला एकूण किती वेळा गेलो ते मोजलं. मग ते पान फाडलं.

एक गोष्ट लिहून ठेवतो. हा मान जायला मला नको आहे. ऑफिसात मी तिसऱ्या रांगेत बसतो, सोसायटीच्या मीटिंगला माझं नाव शेवटी वाचतात. वर्षातून एकदा ती पालखी दारात येते आणि माणसं म्हणतात, पहिला खांदा माणिकच्या घरचा. बाबा गेले त्या वर्षी मला म्हणाले होते, बाकी काही सांभाळू नको, एवढं सांभाळ. मी हो म्हटलं होतं. हो म्हणायला काय लागतं!

सुलक्षणाला विचारलं, जमेल ना गं? ती बॅगेची चेन लावत म्हणाली, "बघू."

६ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ५.३०

झालं.

पालखी दुपारी आली. अंगणात अख्खी वाडी. दत्ताराम पायरीवर बाह्या दुमडून उभा, जणू त्याला बोलावलंच आहे. सुलक्षणा नऊवारी नेसून, हातात ओवाळणीचं ताट घेऊन माझ्या बाजूला. तात्यांनी खूण केली. मी खांदा लावला. ढोल सुरू.

पहिलं मिनिट उत्तम. सगळे बघत होते, मी बायसेप्स आवळून दाखवले. पालखीत बायसेप्सना काही काम नसतं हे तेव्हा लक्षात आलं. दुसऱ्या मिनिटाला मांड्या थरथरायला लागल्या. मी मेंदूला सांगितलं, धागे कामाला लाव. मेंदूने सांगितलं असेल, पायांनी ऐकलं नाही. गुडघा वाकला. दांडा खाली आला, देव एका बाजूला कलले आणि अंगणभर एकदम "अरे, अरे!" झालं. देवाची पालखी जमिनीला टेकता कामा नये. मी डोळे मिटले.

कोणीतरी म्हणालं, "अहो, सरका!" माझ्या हातात ताट आलं आणि खांद्यावरचं ओझं गेलं.

डोळे उघडले तर दांड्याखाली सुलक्षणा.

ढोलवाला थांबला. दत्ताराम पुढे आला, म्हणाला, वयनीनू, माका द्या, हा बायकांचा काम नाय. दोन-चार जण मान हलवायला लागले. सुलक्षणा हलली नाही. ती तात्यांकडे बघत राहिली. तात्यांनी तंबाखू तोंडातून बाहेर टाकली, म्हणाले, "मान घराचो आसा, बापयाचो नाय. ती ह्या घरातली मा? वाजव रे ढोल."

आणि ती नाचली. गुडघे दुखतात म्हणून कठड्याला धरणारी ही बाई खाली बसून उठली, पालखीसकट गिरकी घेतली, मागच्या दोघांना दम लागला आणि त्यांनी माणसं बदलली. तिने बदलली नाही. सोळा मिनिटं. ढोलवाल्याने हात टेकले तेव्हा थांबली.

खरं लिहितो, इथे कोण वाचतंय. आधी घाबरलो. मग लाज वाटली. मग रडू आलं, आनंदाने. निदान निम्मं तरी आनंदाने. मान राहिला. आणि कोणी म्हणो न म्हणो, कपल ऑफर कोणाच्या डोक्यातून आली होती?

ताट तिने दिलं ते मीच धरून होतो. स्टीलचं ताट, नारळ, तांदूळ, निरांजन. सगळं मिळून किलोभर असेल. दहाव्या मिनिटाला उजवा हात इतका हलायला लागला की तूप पायावर सांडलं. डावा हात लावला. पंधराव्या मिनिटाला काकूने खालून आधार दिला.

७ मार्च, शनिवार. दुपारी

सकाळी देवळासमोर तात्यांनी पुढच्या वर्षीची मानाची यादी वाचून दाखवली. पहिला खांदा: सौ. सुलक्षणा. टाळ्या झाल्या. ओवाळणीचं ताट: माणिक. टाळ्या झाल्या नाहीत.

दत्ताराम बाजूलाच बसला होता. माझ्या दंडाला हात लावून बघितला आणि काळजीने म्हणाला, "माणका, ताट जड होवचा नाय मां?"

मी म्हटलं, अख्खं वर्ष आहे तयारीला.